वयाचा वाटा किती, बसून राहण्याचा किती?

एप्रिल २०१७ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात वर्ल्ड मास्टर्स गेम्स भरले होते. तिथं १०१ वर्षांच्या मान कौर यांनी १०० मीटरचं अंतर ७४ सेकंदांत पार केलं. शंभरी ओलांडलेल्यांच्या गटात त्या एकट्याच होत्या, त्यामुळे सुवर्णपदक कुणाला मिळणार याची उत्सुकता कुणालाच नव्हती. तरी तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला. असे व्हिडिओ आपल्याकडे घरोघरी फिरत असतात आणि त्यावर उमटणाऱ्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. कुणी म्हणतं, ‘धन्य आहे बाई!’ कुणी म्हणतं, ‘त्यांची हाडंच वेगळी, आपल्याला कुठलं जमायला!’ दोन्हींचा शेवट एकच होतो, फोन खाली ठेवला जातो आणि माणूस आहे तिथंच बसून राहतो. माझ्या मते या मंडळींना हात जोडण्याची गरज नाही आणि त्यांच्यासारखं होण्याची तर मुळीच नाही. त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहावं. वाढत्या वयात दम कमी होतो, मांड्या बारीक होतात, जिना नकोसा वाटतो, तोल जातो. हे सगळं आपण ‘वय झालं’ या एका खात्यावर टाकून मोकळे होतो. पण वय वाढतं त्याच काळात बहुतेकांचं बसणंही वाढत जातं. त्यामुळे दोहोंपैकी कुणी किती नुकसान केलं, हे चारचौघांकडे पाहून सांगता येत नाही. जे थांबलेच नाहीत किंवा ज्यांनी उतारवयात सुरुवात केली, त्यांच्या बाबतीत मात्र ही फारकत करून पाहता येते.

बसून राहण्याचा वाटा किती मोठा असू शकतो, याचा सर्वांत बोलका पुरावा मिळाला तो तरुणांकडून. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथल्या डॉक्टरांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर नुसतं पडून राहायला लावलं. आधी आणि नंतर त्यांचा दम मोजला, म्हणजे जास्तीत जास्त कष्ट करताना शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजलं. तीन आठवड्यांत तो भलताच घसरला होता. खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा बोलावण्यात आलं. मधल्या काळात त्यांची वजनं वाढली होती, अंगावर चरबी चढली होती. तरीही तीस वर्षांत त्यांचा दम जेवढा कमी झाला होता, त्यापेक्षा जास्त घट विसाव्या वर्षी त्या तीन आठवड्यांत झाली होती! मग त्यांच्याकडून सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल असा हळूहळू वाढत जाणारा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांचा दम विशीत अंथरुणावर पडण्याआधी होता त्या पातळीला परत आला. पाचच माणसं, तीही सगळे पुरुष, ही या प्रयोगाची मर्यादा उघड आहे. विसाव्या वर्षी सराव केल्यावर त्यांनी जी उंची गाठली होती, ती पन्नाशीत कुणालाही गाठता आली नाही, हेही सांगायला हवं. पण या प्रयोगाचा आपल्या घराघरांशी संबंध आहे. सत्तरीतल्या माणसाला फ्रॅक्चर होतं किंवा एखादं ऑपरेशन होतं, तो महिनाभर झोपून राहतो आणि उठतो तेव्हा त्याला संडासापर्यंतही आधार लागतो. घरचे म्हणतात, ‘एकदम म्हातारे झाले हो.’ महिनाभरात वय एका महिन्यानंच वाढलेलं असतं. उरलेलं सगळं अंथरुणानं केलेलं असतं, आणि त्यातलं बरंचसं भरून काढता येतं हे त्या घरात कुणी सांगितलेलं नसतं.

आता वयाचा स्वतःचा वाटा. तो पाहायचा तर टोरांटोजवळच्या मिल्टन गावातले एड व्हिटलॉक यांच्याकडे वळावं लागतं. घराजवळच्या एका कबरस्तानातल्या वाटांवर हा माणूस रोज तासन्‌तास फेऱ्या मारत असे. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरहून जरा जास्त अंतर, सत्तरीनंतर तीन तासांच्या आत धावणारे ते जगातले पहिले. बहात्तराव्या वर्षी त्यांना २ तास ५९ मिनिटं लागली, त्र्याहत्तराव्या वर्षी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंद. ऐंशीव्या वर्षी ३ तास १५ मिनिटं ५४ सेकंद आणि पंच्याऐंशीव्या वर्षी ३ तास ५६ मिनिटं ३८ सेकंद. यांची वजाबाकी करून पाहा. त्र्याहत्तर ते ऐंशी या सात वर्षांत त्यांची वेळ २१ मिनिटांनी वाढली, तर पुढच्या पाचच वर्षांत जवळजवळ ४१ मिनिटांनी. शेवटच्या शर्यतीनंतर काही महिन्यांतच प्रोस्टेटच्या कॅन्सरनं त्यांचं निधन झालं, म्हणजे त्या ४१ मिनिटांत आजाराचाही हिस्सा असू शकेल. तरी सगळ्या ज्येष्ठ खेळाडूंच्या विक्रमांतून दिसतं ते हेच: घसरण आहे, ती आयुष्यभर सराव करणाऱ्यांनाही चुकत नाही आणि सत्तरी-पंच्याहत्तरीनंतर तिचा वेग वाढतो. व्यायामानं वय थांबतं असं सांगणारा माणूस बहुधा काहीतरी विकायला निघालेला असतो. पण पंच्याऐंशीव्या वर्षी व्हिटलॉक यांनी जी वेळ नोंदवली, तेवढ्यात मुंबई मॅरेथॉनमधले कितीतरी तिशी-चाळिशीचे हौशी धावपटू पोचत नाहीत, हेही त्याच आकड्यांत आहे. उतार सगळ्यांनाच आहे, फरक आहे तो माणूस कुठल्या उंचीवरून उतरायला लागतो याचा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, एसटीची पायरी चढणं, सिग्नल बदलायच्या आत रस्ता ओलांडणं यासाठी लागणारी ताकद ही एक ठरलेली रेषा आहे. एक जण त्या रेषेखाली सत्तरीत जातो, दुसरा नव्वदीत. मधली वीस वर्षं हाच काय तो व्यायामाचा हिशेब. आपल्याकडे साठी गाठलेल्या माणसाला सरासरीनं आणखी साधारण १८ वर्षं मिळतात, तेव्हा हा हिशेब काही किरकोळ नाही.

यावर कुणी म्हणेल, व्हिटलॉक तरुणपणीही धावत होते, आमचं काय? म्हणून उशिरा सुरुवात करणाऱ्यांची उदाहरणं अधिक मोलाची. कॅनडातल्या निवृत्त शिक्षिका ओल्गा कोटेल्को ७७ व्या वर्षी मैदानी खेळांकडे वळल्या आणि नव्वदीनंतरही धावणं, उड्या, भालाफेक असल्या प्रकारांत विक्रम करत राहिल्या. आयर्लंडचे रिचर्ड मॉर्गन बेकरीत आणि बॅटरीच्या कारखान्यात काम करून निवृत्त झाले. नियमित व्यायाम त्यांनी सुरू केला ७३ व्या वर्षी, नातवाच्या नादानं, तोही घरातल्या घरात नाव वल्हवण्याच्या यंत्रावर. त्या प्रकारात ते चार वेळा आपल्या वयोगटाचे जगज्जेते झाले. वयाच्या ९२ व्या वर्षी संशोधकांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या हृदयाची आणि फुप्फुसांची कामगिरी त्यांच्याहून कितीतरी लहान माणसाला शोभेल अशी निघाली. फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी तारुण्यात सोडलेली सायकल सदुसष्टीच्या आसपास पुन्हा हाती घेतली. शंभरीनंतर एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम त्यांनी २०१२ मध्ये केला, तो २४ किलोमीटरांच्या थोडा वर होता. २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, ते तासाला जवळजवळ २७ किलोमीटर गेले. मधल्या दोन वर्षांत वेरोनिक बिया या फ्रेंच शास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या सरावाची आखणी केली होती. १०१ ते १०३ या वयात त्यांचा दम, किलोमागे मिनिटाला ३१ मिलिलिटर ऑक्सिजनवरून ३५ पर्यंत, म्हणजे तेरा टक्क्यांनी वाढला. शंभरीनंतर शरीर सुधारू शकतं, एवढंच या एका माणसानं सिद्ध केलं, पण ते फार आहे.

इथं सर्वांत वजनदार आक्षेप येतो. ही निवडक माणसं आहेत. जी मुळात दणकट होती तीच नव्वदीपर्यंत तगली, त्यातली जी निरोगी होती तीच मैदानात उतरली, आणि त्यातल्याही जिंकलेल्यांच्याच बातम्या झाल्या. सांधे धरले म्हणून ज्यांनी साठीतच बूट काढून ठेवले, त्यांच्यावर कोण लेख लिहिणार? आक्षेप खरा आहे. मार्शां हे तारुण्यात पॅरिसच्या अग्निशामक दलात होते, पुढं कॅनडात त्यांनी लाकूडतोड केली. त्यांना चारचौघांसारखे म्हणणं धाडसाचं होईल. त्यांच्या रक्तात काही वारसा असणारच. पण निवडीनं पातळी समजते, बदल समजत नाही. मार्शां १०१ व्या वर्षी कसे होते याचं श्रेय नशिबाला द्या हवं तर, मात्र १०१ ते १०३ या काळातली सुधारणा त्यांची स्वतःशीच केलेली तुलना आहे आणि त्या दोन वर्षांत त्यांचा वारसा काही बदललेला नव्हता. आणि समजा या विक्रमवीरांना बाजूलाच ठेवलं, तरी उत्तर मिळतं. १९९० मध्ये मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या एका वृद्धालयातल्या दहा जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वयं ८६ ते ९६. कुणाला संधिवात, कुणाला हृदयविकार, बरेच जण पूर्वी पडलेले. यांच्याकडून आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांड्यांच्या स्नायूंसाठी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला आणि वजन पेलेल तसं वाढवत नेलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांतच त्यातली बत्तीस टक्के ताकद गेली, हा तपशीलही तितकाच बोलका. ज्यांना कुणीही विक्रमवीर म्हणणार नाही अशा नव्वदीतल्या माणसांचे स्नायूसुद्धा कामाला प्रतिसाद देतात आणि आरामालाही देतात.

एक बारीक शंका वयाच्या दाखल्याचीही असते. जालंधरजवळच्या बियास पिंड गावचे आणि पुढं लंडनमध्ये राहिलेले फौजा सिंग यांनी २०११ मध्ये टोरांटोला सव्वाआठ तासांच्या आत मॅरेथॉन पुरी केली, तेव्हा ते शंभर वर्षांचे असल्याचं सांगितलं गेलं. जन्माचा दाखला नसल्यानं गिनेस बुकनं तो विक्रम मानला नाही. १९११ साली पंजाबातल्या खेड्यात जन्मलेल्या मुलाकडे दाखला असता तरच नवल! पण गिनेसचं चुकलं असंही म्हणता येत नाही. मला त्या वादात फारसं तथ्य वाटत नाही. अगदी दहा वर्षं वजा केली, तरी उतारवयात धावायला लागलेला एक माणूस नव्वदीत ४२ किलोमीटर चालत-धावत गेला, एवढं उरतंच आणि आपल्या मुद्द्याला तेवढं पुरे आहे.

याहून मोठा घोटाळा होतो तो या लोकांकडून काय उचलायचं यात. मुलाखतीत पहिला प्रश्न हमखास आहाराचा असतो. फौजा सिंग म्हटलं की पिन्नी, म्हणजे जवसाचे लाडू, मान कौर म्हटलं की मोड आलेल्या गव्हाच्या पोळ्या आणि केफिर हे आंबवलेलं दूध. बातमी वाचून लोक लाडू वळतात, धावायला कुणी जात नाही. व्हिटलॉक यांचा तर कुठला खास आहारच नव्हता. दोन विक्रमवीरांची ताटं सहसा एकसारखी निघत नाहीत. तेव्हा यशाचं कारण ताटात शोधण्यात अर्थ नाही. सारखं सापडतं ते सरावात. पहिली गोष्ट, बहुतेक सराव सोपा असतो. मार्शां यांची जवळजवळ ऐंशी टक्के सायकल बोलता-बोलता चालवता येईल इतक्या आरामाची होती आणि वीस टक्के धाप लागेल अशी. मॉर्गन यांचंही तसंच, रोज साधारण चाळीस मिनिटं, त्यातला मोठा भाग हलका, थोडा जोरात आणि अगदी थोडा जीव तोडून. आपल्याकडचा नवशिक्या याच्या नेमकं उलट वागतो: एक जानेवारीला जीव तोडतो आणि दहा तारखेला गुडघा धरून बसतो. दुसरी गोष्ट, वाढ सावकाश होते, पण होते. वर्षानुवर्षं तीच फेरी त्याच वेगानं मारत राहणं याला सराव म्हणत नाहीत. तिसरी, पुढची एखादी तारीख ठरलेली असते, एखादी स्पर्धा, एखादी चढाई. चौथी, सोबत कुणीतरी असतं. मान कौर ९३ व्या वर्षी धावायला लागल्या त्या त्यांच्या मुलाच्या, गुरदेव सिंग यांच्या आग्रहानं आणि ते स्वतःही ज्येष्ठांच्या स्पर्धांत धावत. ताकदीचा व्यायाम ही पाचवी गोष्ट, पण ती इतर चारांच्या ओळीत बसवून भागणार नाही, कारण आपण सगळ्यांत कमी पडतो ते तिथंच.

महाराष्ट्रातल्या शहरांत ज्येष्ठांचा व्यायाम म्हणजे सकाळचं फिरणं. बागेत तीन फेऱ्या, बाकावर गप्पा, कुठं हास्यक्लब, कुठं प्राणायाम. यात वाईट काही नाही, हृदयाला आणि मनाला ते चांगलंच आहे. पण सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना मांडीच्या स्नायूंतले ठरावीकच तंतू कामाला लागतात, सावकाश आणि न थकता काम करणारे. झटक्यात जोर लावणारे दुसऱ्या जातीचे तंतू तेव्हा स्वस्थ असतात, आणि म्हातारपणी झिजतात ते मुख्यतः हेच. त्यांना चालवणारे मज्जातंतू वयानुसार कमी होत जातात आणि त्यातून काम मिळालं नाही की ते आणखी वेगानं आक्रसतात. म्हणून स्नायू जेवढे बारीक होतात त्याच्या कितीतरी पटीनं ताकद उतरते, आणि ताकदीहून लवकर उतरतो तो चपळपणा. ठेच लागल्यावर दुसरा पाय क्षणात पुढं टाकून सावरणं या चपळपणावर अवलंबून असतं. तो पाय वेळेवर पडला नाही की खुब्याचं हाड मोडतं आणि मग अंथरूण, म्हणजे डॅलसचा तो प्रयोग, फक्त विशीत न होता पंच्याहत्तरीत. पूर्वीच्या घरांत पाटावर जेवणं, जमिनीवर झोपणं आणि उकिडवं बसण्याचा संडास यामुळे दिवसातून दहा-पंधरा वेळा उठबस आपसूक होत असे. डायनिंग टेबल, पलंग आणि कमोड यांनी ती उठबस संपवली. गुडघे दुखणाऱ्याला कमोड हवाच, त्याबद्दल वाद नाही; पण जी उठबस गेली, तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम हे तर आहेच, शिवाय निदान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम स्पष्ट सांगितले आहेत. आपण त्यातलं पहिलं वाक्य वाचून थांबलो. ज्या प्रांतानं जोर-बैठकांची तालीम गावोगावी चालवली, ज्या औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळांपर्यंत नेले, तिथं साठीनंतर बैठक काढणं हे चेष्टेचं काम वाटावं, हे मला अनाकलनीय आहे.

आता आणखी एक आक्षेप, आणि तो आकडेवारीनिशी येतो. व्यायामानं आयुष्य वाढतं हे तरी सिद्ध झालं आहे का? नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथं सत्तर ते सत्त्याहत्तर वयाच्या दीड हजारांहून अधिक माणसांवर पाच वर्षं याचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. काहींना जोराचा व्यायाम दिला, काहींना मध्यम आणि काहींना देशाच्या सर्वसाधारण सल्ल्याप्रमाणे वागायला सांगितलं. पाच वर्षांत व्यायामाच्या गटांत आणि उरलेल्या गटात मृत्यूच्या प्रमाणात खात्रीनं सांगता येईल असा फरक निघाला नाही. तिसऱ्या गटातली मंडळीही बरीच हालचाल करणारी होती, हे त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे. तरी निकाल तो निकाल. व्यायाम करा म्हणजे जास्त जगाल, असं वचन देण्याचा अधिकार हा लेख लिहिणाऱ्याला नाही. पण मुळात प्रश्न वर्षांचा नसून त्या वर्षांत काय करता येतं याचा आहे. अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या, बैठं आयुष्य जगणाऱ्या १६३५ जणांवर असाच मोठा अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला चालणं, ताकद आणि तोल असा व्यायाम, दुसऱ्याला आरोग्यावर व्याख्यानं. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात ‘४०० मीटर चालता येत नाही’ अशी अवस्था व्याख्यानं ऐकणाऱ्यांपैकी ३५.५ टक्क्यांवर आली, व्यायाम करणाऱ्यांपैकी ३०.१ टक्क्यांवर. फरक डोळे दिपवणारा नाही. मला तो म्हणूनच विश्वासार्ह वाटतो. आणि ज्या घरात एक माणूस अजून स्वतः भाजी आणायला जातो, त्या घराला या पाच टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

धोक्याचं काय? तोही आहे. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट या बर्फावरच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या बावन्न हजारांहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जे जास्त वेळा उतरले आणि जास्त वेगानं गेले, त्यांच्यात हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण जास्त आढळलं. जपानचे युइचिरो मिउरा ऐंशीव्या वर्षी, २०१३ मध्ये, एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. तेव्हा त्यांच्या हृदयावर अनियमित ठोक्यांसाठी शस्त्रक्रिया झालेल्या होत्या आणि उतरताना शेवटच्या टप्प्यात त्यांना हेलिकॉप्टरनं आणावं लागलं. यातून मला दिसतं ते असं, की टोकाच्या पराक्रमाची किंमत वेगळी असते आणि ती मोजायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. खुर्चीतून उठबस करायला एव्हरेस्टची जोखीम घ्यावी लागत नाही. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. यात तडजोड नको. गुडघ्याच्या सर्वसाधारण झिजेत मात्र मांडीची ताकद वाढवणं हा उपचाराचाच भाग मानला जातो. ‘गुडघे दुखतात म्हणून हलत नाही’ यातला कार्यकारणभाव अनेकदा उलटा असतो.

‘घरकाम हाच आमचा व्यायाम’ हे वाक्य बायकांकडून ऐकू येतं, त्याला नुसतं हसून चालणार नाही. २०२२ च्या आकडेवारीवर आधारलेल्या एका जागतिक पाहणीनुसार भारतात पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत ४२ टक्के आहे, स्त्रियांत ५७ टक्के. दिवसभर पायांवर उभ्या असलेल्या बाईला हे आकडे अन्यायाचे वाटले तर नवल नाही. ओट्यापाशी उभं राहून पाय भरून येतात, थकवा खरा असतो, पण त्यात दम वाढेल किंवा ताकद वाढेल असं काम थोडं असतं. शेतमजुरी करणारीची गोष्ट आणखी वेगळी. बारामतीच्या लता भगवान करे यांनी साठी ओलांडल्यावर नऊवारी नेसून, अनवाणी धावून ज्येष्ठांची शर्यत जिंकली, ती नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून. पुढं त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. ज्यांनी आयुष्यभर राबूनच पाय कमावले, त्यांना व्यायामाचा सल्ला देण्याआधी विश्रांती, पोटभर अन्न आणि दवाखाना मिळायला हवा. हा लेख त्यांच्यासाठी नाहीच. तो आहे निवृत्तिवेतन किंवा मुलांचा आधार असलेल्या, दोन वेळचं व्यवस्थित जेवणाऱ्या आणि दिवसातले आठ-दहा तास बसलेल्या माणसांसाठी. पंढरीच्या वारीत आळंदीपासून अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या साठी-सत्तरीच्या वारकऱ्यांमध्ये गावाकडच्या माणसांचा भरणा जास्त का असतो, याचं उत्तर श्रद्धेत आहे तसं त्यांच्या वर्षभराच्या कामातही आहे.

तेव्हा करायचं ते एवढंच. चालणं सोडू नका, पण त्यातली काही मिनिटं धाप लागेल अशी काढा. आठवड्यातून दोन-तीनदा भक्कम खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, आधी पाच वेळा, मग दहा. जमू लागलं की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या. भिंतीला हात टेकून जोर काढा, जिना टाळू नका. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचा सराव करा. आणि डाळ, दूध, दही, अंडी, मासे यांपैकी जे चालतं ते दोन्ही जेवणांत घ्या, कारण वरण-भाताच्या दोन घासांवर स्नायू बांधले जात नाहीत. उतारवयात वजनाच्या किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात असं तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. आपण कुठं आहोत हे पाहायला आशियातल्या तज्ज्ञांनी ठरवलेली एक साधी चाचणी आहे: हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर ताकद कमी पडते आहे असं समजतात. महाराष्ट्रात गल्लोगल्ली ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांच्याकडे सभागृह आहे, खुर्च्या आहेत आणि दर आठवड्याला एक व्याख्यान असतं. त्यांना एकच विनंती: पुढच्या व्याख्यानाआधी वीस मिनिटं सगळ्यांकडून उठाबशा काढून घ्या, कुणाला किती सेकंद लागले ते वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.